बुजगावणं उभं केलं की झालं

१

शनिवारी सकाळी वैद्य वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला, की खालून ताई झाडूच्या दांड्यानं छताला ठोसा द्यायची. म्हणजे चहा झाला. दोन ठोसे म्हणजे चहा गार होतोय. तीन ठोसे कुणी ऐकलेले नाहीत, कारण तोवर ती स्वतः दांडा घेऊन वर आलेली असायची.

पूर्वी दांड्याची गरज नव्हती. ताई बस स्थानकावर घोषणा करायची. तिनं माइकवर 'थांबा' म्हटलं की गाडी सोडायला निघालेला ड्रायव्हर आपसूक ब्रेक दाबायचा. घरात तिनं 'धाकट्या!' म्हणून हाक मारली की आसपासच्या चार घरांतले धाकटे जेवायला निघायचे. तिचा धाकटा भाऊ म्हणजे हा आपला वैद्य. औषधातलं त्याला काही कळत नव्हतं. चहा तेवढा काढ्यासारखा करायचा, तीच काय ती वैद्यकी. पण ऑफिसात कुणाचा प्रोग्राम आजारी पडला की याच्या टेबलावर आणून टाकत, म्हणून ते नाव. लग्न जमलं होतं, टिकलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कंपाइल झालं, पण इम्पोर्ट होईना." विचारणारा हसायचा, अर्थ न कळता. तुम्हाला कळेल थोड्या वेळात.

मग ताईच्या घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढून टाकली. ताई वाचली. आता तिच्या गळ्यात एक पॅड लटकलेलं असे. त्यावर ती टाइप करायची आणि ते बोलायचं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. ताई त्याला 'डबा'च म्हणायची.

डब्यावरून भांडताही यायचं तिला. पण तिची मुलगी परदेशी होती, कडेवर तान्हं बाळ. रविवारी फोन यायचा. ते बाळ पूर्वी आजीचा आवाज ऐकला की रडणं थांबवून कान टवकारायचं. डबा बोलला की किंचाळून निळं पडायचं. गेल्या रविवारी भाचीच म्हणाली, "आई, तू नुसती हात हलव. बोलू नकोस."

ताईनं हात हलवला. फोन ठेवला. आणि टाइप केलं, "एकदा. माझ्या आवाजात एकदा."

वैद्य म्हणाला, "पुढच्या रविवारी."

२

बस स्थानकावरचं ताईचं रेकॉर्डिंग पोत्यानं होतं. त्यातून तिचा आवाज बांधून देणारं कोडही मिळालं. ऑफिसातल्या टकलूनं ते कधीकाळी सी भाषेत लिहून ठेवलं होतं.

आता थोडं ज्ञान घ्या, फुकट आहे. पायथन बोलायला गोड, कामाला मंद. सी फटकळ, पण हाताला चलाख. म्हणून शहाणी माणसं जड काम सीमध्ये लिहितात, त्याचं गाठोडं बांधतात आणि पायथनला म्हणतात, घे आत. गाठोडं बांधणं म्हणजे कंपाइल, आत घेणं म्हणजे इम्पोर्ट. गंमत अशी, की बांधताना कुणी तक्रार करत नाही. गाठोड्यात लिहिलेलं असतं, 'मला अमुक एक वस्तू लागेल, ती आपल्या घरी असेलच.' ती नसली तर ते कळतं थेट उंबऱ्यावर. पायथन दारात अडवतो, 'अमुक सापडत नाही', आणि आडवा पडतो.

शनिवारी वैद्यानं नेहमीचे आजार आधी काढले. गाठोडं जुन्या पायथनसाठी बांधलं होतं, ते नव्यासाठी बांधलं. आत शिरायच्या फंक्शनचं नाव चुकलं होतं, ते सुधारलं. मग पुन्हा इम्पोर्ट.

'सापडत नाही: स्वयंपाकघरातला_नळ.'

अक्षरं इंग्रजी होती, शब्द घरचे. वैद्यानं चष्मा पुसला. चष्मा पुसून कुणाचा एरर गेल्याचं ऐकिवात नाही, पण सगळे पुसतात. मग त्यानं टकलूच्या सगळ्या फाइली शोधल्या. लिहिलेल्या कोडात हे नाव कुठेच नव्हतं. बांधलेल्या गाठोड्यात मात्र होतं, 'हवं आहे' अशा खुणेसकट.

त्यानं फोन लावला. "काय रे टकल्या, तुझ्या कोडात आमच्या स्वयंपाकघरातला नळ काय करतोय?"

"गळत असेल."

"गळतोच आहे. तुला काय माहीत?"

"वैद्या, जगात सगळ्यांचाच गळतो. सुट्टीच्या दिवशी हे विचारायला फोन केलास?"

"चेष्टा नको. हे नाव तू टाकलंस?"

"मी तुझ्या घरी कधी आलोय का? चहासुद्धा विचारला नाहीस कधी. तूच झोपेत टाइप केलं असशील. बुजगावणं उभं कर आणि पुढे चल. नंतर बघू."

बुजगावणं म्हणजे या लोकांची जुनी खोड. जी वस्तू सापडत नाही, तिच्या नावाचं एक पोकळ फंक्शन लिहायचं. आत काही नाही. पायथन विचारतो, नळ आहे? आहे, हा काय उभा. झालं समाधान. शेतातल्या कावळ्यासारखंच.

तेवढ्यात ताई वर आली होती. वैद्याला प्रेक्षक मिळाला की तो फुलायचा. "बघ, ताई. इथं नाव लिहायचं. कंस. आत काहीच नाही. मग ही वरच्या बाणाची कळ, म्हणजे मघाची आज्ञा परत येते. आणि एंटर. बुजगावणं उभं केलं की झालं."

डबा म्हणाला, "एवढंच? याला पगार देतात?"

"देतात."

"लोकांचे पैसे फुकट जातात. चहा घे."

वैद्यानं एंटर दाबलं. नळाची तक्रार गेली. खाली दुसरी आली.

'सापडत नाही: कुरकुरणारी_पायरी.'

त्यांच्या जिन्यात एक पायरी कुरकुरायची. वैद्यानं ताईकडे बघितलं. ताईला इंग्रजी अक्षरं वाचायला वेळ लागायचा, आणि ती चहाच्या घाईत होती. ती वळली आणि खाली गेली. वैद्यानं दुसरं बुजगावणं लिहिलं, एंटर दाबलं, आणि तिच्या मागे निघाला.

जिन्यावर तो त्या पायरीपाशी नेहमीसारखा सांभाळून उतरला. पायरी कुरकुरली नाही.

३

स्वयंपाकघरात आल्यावर त्याला वाटलं, काहीतरी कमी आहे. थोड्या वेळानं लक्षात आलं. टपटप नव्हती.

"ताई, नळ दुरुस्त केलास?"

ताईनं कोपरानं नळाकडे दाखवलं. नळ गळत होता. थेंब तयार होत होता, लांबत होता, तुटत होता आणि खालच्या रिकाम्या पातेल्यात पडत होता. पडून फुटतानाही दिसत होता.

वैद्यानं नळ पूर्ण सोडला. धार पातेल्यावर आपटली, शिंतोडे त्याच्या सदऱ्यावर उडाले. आवाज नाही. त्यानं चमचा घेतला. पातेल्यावर मारला, टणकन वाजला. ओट्यावर मारला, वाजला. नळावर मारला. हाताला झिणझिण्या आल्या, कानाला काहीच नाही.

"नळाला मारतोस का? मला मार," डबा म्हणाला. ताई हसत होती. आवाज नसताना ताई हसली की फक्त खांदे हलायचे.

"कान भरलेत माझे," वैद्य म्हणाला. "सर्दी."

शास्त्र शिकलेल्या माणसाचं हे बरं असतं. आधी कारण तयार, मग भीती. नळात हवा असेल. पायरीचं लाकूड फुगलं असेल. टकलूनं घरात कॅमेरा लावला असेल. शेवटचं कारण स्वतःला सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण तो वर गेला तेव्हा त्यानं खोलीचे कोपरे बघितले खरे. जिना चढताना त्या पायरीवर त्यानं दोनदा नाच केला. जाड माणूस एका पायरीवर उड्या मारतोय, बघायला मजा आली असती. पायरी पायाखाली दबत होती. तोंड मिटून.

पडद्यावर तिसरं नाव आलं होतं. मघाशी निघायच्या घाईत त्यानं ते बघितलं नव्हतं.

४

'सापडत नाही: शेजारचा_कुत्रा.'

शेजारच्या काकूंचा कुत्रा सकाळपासून फाटकाशी भुंकत होता. तो कुरिअरवाल्यावर भुंके, पानांवर भुंके, स्वतःच्या शेपटीवर भुंके. वैद्य खिडकीशी गेला. कुत्रा दिसत होता आणि ऐकूही येत होता.

त्यानं स्वतःशी सौदा केला. हे लिहितो. कुत्रा भुंकत राहिला की कळेल, मीच मूर्ख आहे, नळाला प्लंबर आणि कानाला डॉक्टर. शोधायचं तर असंच शोधतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि खरं सांगायचं तर, तो कुत्रा त्याला मुळीच आवडत नव्हता.

लिहिलं. खिडकीकडे बघतच एंटर दाबलं.

कुत्र्याचं भुंकणं मधोमध कापलं गेलं. भुंकण्याचा पहिला अर्धा भाग आला, दुसरा आलाच नाही. कुत्र्याचं तोंड मात्र उघडझाप करत होतं. छाती हलत होती, पुढचे पाय प्रत्येक भुंकण्याबरोबर उचलले जात होते. मग त्यालाही कळलं. तो थांबला. मान वाकडी करून त्यानं पुन्हा एकदा तोंड उघडून बघितलं. आणि शेपूट आत घालून तो फाटकापासून मागे मागे सरकत गेला, वैद्याच्या खिडकीकडे बघत.

"काय झालं रे राजा?" काकूंचा आवाज आला. "घशात काही अडकलं का? अहो, बघा ना याला!"

वैद्यानं तिन्ही बुजगावणी पुसली. पुन्हा बांधलं, पुन्हा इम्पोर्ट. आता पहिली तक्रार परत यायला हवी होती, नळाची. आली नाही. खाली काकू कुत्र्याचा जबडा उघडून आत बघत होत्या.

अशा वेळी वैद्याच्या पोतडीत एक हुकमी प्रश्न असतो, जुनंच गाठोडं तर आत घेतलं जात नाहीये ना? म्हणजे आपण सुधारतोय एक आणि चालतंय दुसरंच, कुठल्यातरी भलत्या फोल्डरमधलं. त्यानं पायथनला विचारलं, हे गाठोडं तू कुठून घेतोयस?

पायथनचं उत्तर, कुठूनच नाही. याला फाइल नाही.

पायथनच्या जन्मापासून जे त्याच्या आतच असतं, फक्त त्याच्याबद्दल तो असं बोलतो. जे बाहेरून आणावं लागत नाही, आधीपासून घरातच असतं, त्याच्याबद्दल.

खाली नवीन ओळ होती.

'सापडत नाही: ताईचा_डबा.'

वैद्यानं लॅपटॉप मिटला. वर उशी ठेवली, आणि उशीवर स्वतःचा हात.

५

"होणार नाही," तो ताईला म्हणाला.

ताई भाजी निवडत होती. तिनं हात पुसले, पॅड समोर ओढलं. "का?"

"मशीन बिघडलंय."

"तू मशीनचा वैद्य आहेस ना?"

"टकल्याचं कोड जुनं आहे. वेळ लागेल. महिना, दोन महिने."

"खोटं. तुझं नाक फुगलंय. लहानपणापासून खोटं बोललास की फुगतं."

"ताई, ऐक ना..."

"तू ऐक. आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. अंधाराला घाबरायचास. मी रात्रभर बोलत बसायचे, तू झोपेपर्यंत. सगळ्या बसगाड्यांची नावं म्हणून दाखवायचे. घसा बसायचा माझा. महिना लागेल म्हणाले का मी?"

हे सगळं डब्यानं वाचलं, सपाट, मध्ये न थांबता, फक्त 'घसा' या शब्दाला अडखळून. वैद्याला वाटलं असतं तर तो तिथेच सगळं सांगू शकला असता. पण काय सांगणार? ताई, तुझ्या आवाजासाठी शेजारचा कुत्रा मुका झाला? ती म्हणाली असती, बरं झालं. आणि नळ? पायरी? शिकलेला माणूस, ऑफिसात चारचौघं विचारायला येतात, तो हे तोंडानं कसं म्हणणार? लाजेला भीतीपेक्षा मोठं तोंड असतं.

रेकॉर्डिंग पुसून टाकावं असंही त्याच्या मनात आलं. पण ताईचा आवाज जगात आता तेवढाच उरला होता. ते कोण पुसेल?

"नंतर बघू," तो म्हणाला.

ताईनं पॅड बंद केलं आणि भाजी निवडायला घेतली. देठ जरा जास्तच जोरानं तुटत होते.

६

रविवारी सकाळी वैद्य अंघोळीला गेला. रात्र त्यानं खालीच कोचावर काढली होती, जिन्याकडे तोंड करून. उजेड झाल्यावर त्याला बरं वाटलं. उन्हात सगळ्यांनाच बरं वाटतं, त्यात काही शौर्य नाही. त्यानं ठरवलं, अंघोळ करून ताईला सगळं सांगायचं. हसली तर हसली.

बादली भरली. या नळाला आवाज होता, चांगला खळखळाट. तो आवाज ऐकूनच वैद्य इतका खूश झाला की गुणगुणायला लागला. सुरात नव्हतं, पण तक्रार करायला आत कुणी नव्हतं.

ताई जिन्यानं वर गेलेली त्याला कळलं नाही. कळणार कसं? त्या जिन्याची चाहूल देणारी एकच पायरी होती.

वर काय झालं ते सांगणं अवघड नाही. ताईनं उशी बाजूला केली, लॅपटॉप उघडला. ओळ समोरच होती. तिनं अक्षरं एकेक करत वाचली. ताईचा डबा सापडत नाही. तिला ते अगदी सरळ वाटलं असणार. नवा आवाज यायचा तर जुना डबा जायलाच हवा. एवढ्यासाठी धाकटा रडत होता होय? नाव लिहायचं, कंस, आत काहीच नाही. वरच्या बाणाची कळ. एंटर.

मग दुसरी ओळ आली असणार. ती वाचून ती हसलीही असेल. हा पठ्ठ्या स्वतःचं नावही कुठेकुठे लिहून ठेवतो.

न्हाणीघरात वैद्याची गुणगुण शब्दाच्या मध्येच तुटली.

त्याला आधी वाटलं, कानात पाणी गेलं. त्यानं डोकं झटकलं. बादलीवर टिचकी मारली, वाजली. टाळी वाजवली, वाजली. मग त्यानं घसा खाकरला. घशात खरखर जाणवली, भिंतीपर्यंत काही पोहोचलं नाही. त्यानं तोंड मोठं उघडलं आणि जिवाच्या आकांतानं 'ताई' म्हणून ओरडला. आरशात त्याला स्वतःची पडजीभ दिसली.

शेजारच्या कुत्र्यानं काल मान वाकडी केली होती, तशीच याचीही झाली.

७

तो ओलाच, टॉवेल धरून, वर धावला. ताई त्याच्या खुर्चीत बसली होती आणि तिचा चेहरा दिवाळं निघालेल्या माणसाला घबाड सापडल्यासारखा होता. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. पडद्यावर एकही तक्रार नव्हती. पायथन काही बोलत नाही तेव्हा समजायचं, गाठोडं आत आलं. नुसता कर्सर लुकलुकत होता.

वैद्यानं हातवारे केले. गळ्याला हात लावला, मान हलवली, खाली बोट दाखवलं, बाहेर बोट दाखवलं. ताईनं कपाळाला आठ्या घातल्या, पॅड घेऊन काहीतरी टाइप केलं. पॅडवर अक्षरं उमटली, पॅड बोललं नाही. तिनं ते हलवलं. मग भावाच्या उघड्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं. हसू हळूहळू खाली आलं.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. ताईच्या अंगठ्यानं सवयीनं हिरवं बटण सरकवलं.

पडद्यावर भाची, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. कडेवर बाळ, रडून लालबुंद. त्याचा टाहो खोलीभर झाला.

"आई, रात्रभर हा भोंगा चालू आहे गं. काही सुचत नाही. मामानं केलं का ते? नसेल झालं तर नुसता हात हलव."

ताईनं हात हलवला नाही. तिचे दोन्ही हात फोनला घट्ट धरून होते, ओठ मिटलेले होते.

कुणीतरी श्वास घेतला. मशीन बोलण्याआधी श्वास घेत नाही.

"बोल गं, राणी," ताईचा आवाज म्हणाला.

अगदी तिचाच. बस थांबवणारा. तो लॅपटॉपमधून यायला हवा होता. वैद्यानं झेप घेऊन लॅपटॉप मिटला. आवाजाला काही फरक पडला नाही. तो त्यांच्या पाठीमागून येत होता, खोलीच्या उघड्या दारातून, जिन्याच्या वरच्या टोकाकडून. भाऊ आणि बहीण दोघांनी एकदमच माना वळवल्या. दारात कुणी नव्हतं. दारापलीकडे उन्हाची पट्टी जमिनीवर पडली होती, आणि ती मध्ये एका जागी तुटली होती, जणू तिथे कुणी उभं होतं.

"आई!" भाची रडायलाच लागली. "आई, तुझा आवाज! मामा, तू कमाल केलीस रे! कुठे आहेस? ये ना समोर!"

"मामा अंघोळ करतोय," दारातून ताईचा आवाज मायेनं म्हणाला. "बाळ किती रडतंय. आण बघू त्याला. जवळ धर. फोनच्या अगदी जवळ."

"धरते गं. सोन्या, बघ, आजी बोलतेय."

वैद्यानं फोनवर झडप घातली. ताईची बोटं फोनवर अशी आवळली होती की सुटेनात. दारावरून नजर हटवायला ती तयार नव्हती. त्यानं तिची बोटं उकलली, अंगठा लाल बटणाकडे नेला.

पडद्यावर बाळाचा चेहरा अगदी जवळ आला होता. तोंड आ वासलेलं, बिनदातांच्या हिरड्या, थरथरणारी जीभ, गालांवरून घळाघळा पाणी. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. खोलीत मात्र शांतता होती.

"बघितलंस?" मुलाच्या पाठीवरून हात फिरवत, डोळे मिटून भाची म्हणाली. "आजीचा आवाज ऐकला, आणि लगेच गप्प झालं."